तरूच्या हिरव्या गोळ्या

१२ सप्टेंबर

सुनेचा हुकूम आहे म्हणून लिहितोय. फाल्गुनीने सकाळी ही डायरी माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "बापुजी, भिंतीशी बोलण्यापेक्षा हिच्याशी बोला. निदान शेजाऱ्यांना तरी ऐकू जाणार नाही." कुठल्याशा साडीवाल्याने वाटलेली डायरी, जानेवारीपासून कोरी पडलेली. सूनबाईंची जीभ तिखट आहे. सुरतेतच वाढलीय, गुळमुळीत कुठून बोलणार?

तर मी ठाकोरदास. जन्मभर घारी केली, आत मावा-पिस्ता आणि वर थिजलेलं तूप अशी आमची सुरती मिठाई. भागळच्या गल्लीतलं दुकान आता मुलगा निमेश बघतो, मी दुपारनंतर जाऊन कढईत नाक खुपसून येतो. माझी तरू आषाढात गेली. झोपेतच गेली, चहा गार झाला तरी उठली नाही. गोड करणारा मी, आणि शुगर झाली तिला. मला कधी नाही. ती म्हणायची, "तुमच्या वाटणीचीही मीच घेऊन बसलेय."

आज तिचा भाऊ नटवर नवसारीहून आला होता, शोग भांगायला. घरातलं माणूस गेलं की आमच्यात गोड बंद. मग एक दिवस सासरवाडीचं कोणीतरी येतं, हाताने गोड भरवतं, की शोग भांगला. मग सण करायला मोकळे. नटवरने डब्यातून पेढा काढला. मी तोंड मिटून बसलो. बहिणीचा नवरा म्हणून तो मला बनेवीलाल म्हणतो.

"बनेवीलाल, घारीवाल्याच्या घरात घारी नाही? गाव हसेल."

"हसू दे. तुझ्या बहिणीने सात-आठ वर्षं घारीला जीभ लावली नव्हती. मी काही महिने नाही लावली तर आभाळ कोसळत नाही."

रागावून जेवला, तेही अर्धवट. उठताना मुखवासाच्या डब्यातून मूठभर काहीबाही तोंडात टाकलं आणि स्टेशनवर गेला. तो गेल्यावर डबा बघितला. त्या डब्याच्या एका खणात तरूच्या गोळ्या असायच्या. पाकिटातून गोळी दाबून काढणं तिच्या बोटांना जमायचं नाही, म्हणून फाल्गुनी सगळ्या एकदम सोडवून तिथे भरून ठेवायची. मोठ्या पांढऱ्या आणि बारक्या हिरव्या. नटवरने हिरवी पेपरमिंट समजून खाल्ली वाटतं. खाऊ दे, जीभ जरा कमी गोड होईल त्याची.

१३ सप्टेंबर

नटवरचा फोन. काल गाडीत हातपाय थरथरायला लागले, घामाने सदरा भिजला, मरतो की काय असं वाटलं. मग नवसारीला उतरून उसाचा रस प्यायला आणि ठीक झाला. "तुमच्या घरचं पाणी बाधलं," म्हणतो. पेढा नाकारला त्याचा राग पाण्यावर काढतोय. गोळीचं मी बोललो नाही, आणखी चिडला असता.

१६ सप्टेंबर

तरूच्या मोबाईलवर रोज सकाळी घंटा वाजते. तिने लावून ठेवलेली, गोळीची. फाल्गुनी म्हणाली, "बंद करू?" मी असा ओरडलो की बिचारी स्वयंपाकघरात निघून गेली. का ओरडलो ते मलाही कळलं नाही. मोबाईल मीच रोज चार्ज करतो.

आज घंटा थांबेचना. वाजते, गप्प होते, परत वाजते. तरू गोळी घेईपर्यंत अशीच पिच्छा पुरवायची तिची घंटा. शेवटी मी मुखवासाच्या डब्यातली एक हिरवी उचलली आणि घेतली. "घेतली गं बाई, घेतली." घंटा थांबली. (मीच बटण दाबलं होतं, पण ते सोडा.)

बरं वाटलं. काहीतरी वेळेवर केल्यासारखं.

१७ सप्टेंबर

सुरती नाश्त्याच्या, लोचोच्या गाडीवर माझा मित्र छोटुभाई भेटला, त्याला सहज विचारलं, शुगर नसलेल्याने शुगरची गोळी घेतली तर?

"काय होणार? हल्ली लोक बारीक व्हायला घेतात, तरुण राहायला घेतात. हे बघ ठाकोर, चोर पकडायला पोलीस आला आणि घरात चोरच नाही, तर बिचारा चहा पिऊन परत जाईल."

छोटुभाईचं डोकं चालतं. आयुष्यभर विम्याची एजन्सी केलीय त्याने. मी दोन प्लेट लोचो खाल्ला.

१९ सप्टेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

घंटा वाजली, गोळी घेतली. नाश्ता केला नाही, भूक नव्हती. फाल्गुनी बाजारात गेली होती. मी झोपाळ्यावर बसलो होतो. ऊन चढलं आणि मला दरदरून घाम फुटला, छातीत धडधड, बोटं थरथरायला लागली. खोलीतला उजेड पिवळा झाला. आणि झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला तरू बसली होती.

खोटं कशाला लिहू, वाचणार कोण आहे? ती बसली होती. कोथिंबीर निवडत होती. पदर नेहमीसारखा कमरेला खोचलेला. मी हाक मारली पण जीभ जड झाली होती. ती मान वर न करता म्हणाली, "ऐकलंत का? निमेश घाई करतो. मावा कच्चा काढतो."

मग फाल्गुनी आली आणि माझ्या हातात सीताफळ ठेवलं. ते खाता खाता बघतो तर झोपाळा रिकामा.

सराधाचे दिवस आहेत, पितरांचे. येतात म्हणे माणसं. मी कधी मानलं नव्हतं.

२२ सप्टेंबर

काल नाही आली, आज नाही. गोळी तर दोन्ही दिवस घेतली. पण काल छोटुभाईने सेवखमणी आणली होती, आज फाल्गुनीने ढोकळे केले, दोन्ही दिवस पोटभर खाल्लं.

घारी बिघडली की मी काय करतो? दूध तेच, तूप तेच, मग वेगळं काय झालं ते शोधतो. इथे वेगळं एकच, खाणं. उद्या उपाशी राहून बघतो.

२३ सप्टेंबर

आली!

२६ सप्टेंबर

आता मला रीत कळली आहे. घंटेला हिरवी गोळी, आणि तोंडात दुसरं काही नाही. (पांढरी मोठी आहे, घशात अडकते, ती घेत नाही.) ऊन झोपाळ्यापर्यंत आलं की घाम येतो, हात कापतात, आणि मला आनंद होतो. जिन्यात तिची पावलं वाजल्यासारखाच तो घाम वाटतो. फाल्गुनीला सांगतो की दुकानात खाऊन आलो, निमेशला सांगतो की घरी खाऊन आलो. दोघं एकमेकांना कशाला विचारतायत!

तरू फार बोलत नाही. पहिल्यापासून कमीच बोलायची, बोलणं माझ्याकडे होतं. मी विचारतो, मला न उठवता का गेलीस? ती कोथिंबीर निवडते. मग तेच, मावा कच्चा आहे. मी म्हणतो, अगं मी शोग पाळतोय, चाखणार कसा? दुकानात तुपाच्या वासात कच्चा-पक्का कळत नाही हल्ली, नाक म्हातारं झालंय.

मला वाटतं, मी गोळी घेतली की नाही ते बघायला ती येते. मी तिच्यामागे असाच लागायचो.

२८ सप्टेंबर

एकादशी. उपास. पाणीसुद्धा कमीच.

तरू पुष्कळ वेळ होती पुष्कळ बसली. तिचा हात मी धरला गार होता की माझा गार. घारीचं तूप थिजलंय बघ म्हणाली. मी म्हणालो थिजू दे आता कुठे जायचंय. झोपाळा दोन दिसत होते आणि दोन्हीवर ती. खूप हसलो. लिहायचं काय होतं ते

२९ सप्टेंबर

कालचं माझंच अक्षर मला वाचता येत नाहीये.

फाल्गुनी म्हणते, मी झोपाळ्याखाली फरशीवर बसलो होतो, तिला 'तरू' म्हणून हाक मारली, आणि तिने हात धरून उठवायला बघितलं तर तिला ढकललं. मला आठवत नाही. तिच्या कोपराला लागलंय, हळद लावलेली दिसली. मग तिने जबरदस्तीने लिंबाचं सरबत पाजलं, साखर घालून. "शोग गेला खड्ड्यात, बापुजी, प्या," म्हणाली म्हणे. म्हणूनच तरू लवकर उठून गेली असणार.

पण कोपराचं वाईट वाटलं. पोरगी माझ्यासाठी राबते. तिची माफी मागायला गेलो तर डोळे पुसत म्हणाली, "माफी नको. खात जा, एवढंच." मी बरं म्हटलं.

५ ऑक्टोबर

दुकानात तूप तापत होतं. कढईशी उभा होतो, तेवढ्यात पाय गेले. कारागिराने मागून कंबरेला मिठी मारली म्हणून, नाहीतर तुपात तळून निघालो असतो. निमेश पांढराफटक पडला. सगळ्यांसमोर ओरडला, "उद्यापासून दुकानात पाऊल टाकायचं नाही! कळलं?" बापाशी हा असा कधी बोलला नव्हता. मग घरी आणताना रिक्षात माझा हात घट्ट धरून बसला होता, लहानपणी जत्रेत धरायचा तसा.

बाहेरच्या खोलीत दोघांचं बोलणं ऐकलं.

फाल्गुनी म्हणाली, "आईंच्या जाण्याने डोकं फिरलंय. विसरतात, बडबडतात, मला ओळखत नाहीत कधीकधी."

निमेश म्हणाला, "वयच आहे. आजोबांचंही असंच झालं होतं."

"मेंदूच्या डॉक्टरला दाखवू. चांदी पाडवा होऊ दे, दुकानातली घारीची गर्दी संपू दे."

माझ्या डोक्याचं काय ते मलाही कळत नाही. फोन नंबर विसरतो. काल 'पिस्ता' शब्दच आठवेना, विचार करा, मला! भीती वाटते का? वाटते. पण मेंदू गेला तर तरू राहील, असंही वाटतं. हे मी कोणाला सांगणार नाही.

११ ऑक्टोबर

डब्यातल्या हिरव्या गोळ्या संपत आल्यात. आज खण उपडा करून एकेक मोजली. थोड्या उचलून पाकिटात घालून उशीखाली ठेवल्या, फाल्गुनीच्या नजरेस पडायला नकोत. औषधवाला चिठ्ठीशिवाय देईल का? चिठ्ठी तरूच्या नावाची आहे. तिचं नाव मी कोणत्या तोंडाने सांगणार?

१६ ऑक्टोबर

उद्या शरद पूनम, परवा चांदी पाडवा. सारं सुरत गच्चीवर बसून घारी खाणार, वर भुसुं, म्हणजे शेव-चिवडा. लग्न झाल्यापासून एकही पाडवा आम्ही दोघांनी चुकवला नाही. शुगर झाल्यावरही ती गच्चीवर यायची, घारी हातात घेऊन नुसती हुंगायची आणि सांगायची, यंदा वेलदोडा जास्त पडलाय. कधी चुकली नाही.

परवा ती पूर्ण दिवस हवी मला. नुसतं उन्हाच्या तिरिपेपुरतं नको. दोन गोळ्या घेईन. उद्या रात्रीपासूनच काही खायचं नाही.

नटवरचाही फोन आला. पाडव्याला येतोय, शोग भांगूनच जाईन म्हणतो. हात धुवून मागे लागलाय. येऊ दे. दुपारी येईल, तोवर आमचं बोलून झालेलं असेल.

२० ऑक्टोबर, इस्पितळ

डायरी फाल्गुनीकडून मागवून घेतली. हाताला सलाईनची सुई आहे, अक्षर वाकडं येईल.

पाडव्याचं मला एवढंच आठवतं: घंटा, दोन गोळ्या, झोपाळा. तरू आली, पण या वेळी कोथिंबीर नव्हती. माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. मी विचारलं, काय झालं? मग काळोख.

पुढचं नटवरने सांगितलं. तो दुपारी यायचा तो सकाळीच आला, गाडी लवकरची मिळाली. मी झोपाळ्यावर आडवा, सदरा पिळावा इतका ओला, डोळे अर्धे उघडे, ओठ थरथरतायत. फाल्गुनी रडायला लागली. नटवर म्हणतो, "तुमचा तो घाम बघितला आणि मला गाडीतला माझा घाम आठवला. अगदी तसाच. मी ओरडलो, हे काय खातात? मुखवास दाखव! डबा उघडला आणि हिरव्या गोळ्या बघून माझी ट्यूब पेटली. मी पेपरमिंट खाल्ली होती ना, ती हीच!" फाल्गुनीने साखरेचं पाणी केलं, मला बसतं केलं, मी घोट गिळतोय ना ते बघत चमच्या-चमच्याने पाजलं. निमेश दुकान कारागिरांवर सोडून धावत आला. पाडव्याच्या दिवशी! मग इथे आणलं. साखर परत परत खाली जात होती म्हणे, म्हणून ठेवून घेतलं.

नटवर खाटेशी बसून डोळे पुसत म्हणाला, "बघा, बनेवीलाल. शेवटी माझ्याच हजेरीत तोंड गोड झालं. शोग भांगला."

"पेढ्याने नाही, साखरेच्या पाण्याने. कंजूस मेला," मी म्हणालो. मग आम्ही दोघंही रडलो.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, सौराष्ट्राकडची. मी तिला छोटुभाईचा पोलीस सांगितला. ती हसली नाही.

"काका, हा पोलीस चहा पिऊन जात नाही. चोर नसला तर घरच्यांनाच उचलून नेतो. ही हिरवी गोळी शरीराला पिळून साखर उतरवायला लावते. तुमची वाढलेली आहे की नाही ते बघत नाही. वर तुम्ही उपाशी. मेंदूला खायला साखरच लागते. ती संपली की घाम, थरथर, बडबड, मग बेशुद्धी. आणखी थोडा उशीर झाला असता तर उठलाच नसता."

"आणि पांढरी?"

"पांढरी एकटी सहसा एवढं खाली नेत नाही. पण तीही दुसऱ्याची, तपासल्याशिवाय कशाला घ्यायची? तुमची मूत्रपिंडंही आता जुनी झालीत. औषध ज्याच्या नावाचं त्यानेच घ्यायचं."

"म्हणजे माझं डोकं गेलेलं नाही?"

"तसं आत्ता तरी काही दिसत नाही. उपाशी होतं बिचारं."

दाराशी निमेश उभा होता. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग तिने हळूच विचारलं, "त्या वेळी काही दिसायचं का, काका? काही जणांना भास होतात."

मी नाही म्हणालो.

२१ ऑक्टोबर

रात्रभर हाच विचार. ती आली होती की माझी भूक आली होती? कोथिंबीर, पदर, तो आवाज, सगळं माझ्याच उपाशी डोक्याने रांधलं? मग माझ्या डोक्याला माझ्यापेक्षा ती जास्त चांगली आठवते. आणि पाडव्याला ती हसली का नाही? ते कोणी रांधलं?

मला राग येतोय. तिच्यावर, गोळीवर, नटवरवर. लवकरची गाडी मिळाली म्हणे!

नाही. हे खोडतो. खोडत नाही, राहू दे. असं वाटलं होतं एवढं खरं.

२२ ऑक्टोबर, घरी

फाल्गुनीने मुखवासाचा डबा घासून पालथा घातलाय. आता त्यात नुसती बडीशेप भरणार म्हणे. तिला माहीत नाही की उशीखाली पाकीट आहे. सकाळी घंटा वाजली तेव्हा हात तिथे गेला. पाकीट उघडून बसलो. घरात शांत होतं, पोट रिकामं होतं, ऊन झोपाळ्याकडे सरकत होतं. एक घेतली असती तर आली असती. कोणाला कळलं नसतं.

घंटा वाजतच होती. फाल्गुनी दारात आली. माझ्या हातात काय आहे ते तिला दिसलं. तशीच उभी राहिली, कोपरावरचा डाग अजून पुसटसा दिसतो.

मी पाकीट तिच्या हातात दिलं. म्हणालो, "औषधवाल्याकडे दे परत, नाहीतर काय करायचं ते कर. मला सांगू नकोस."

"आणि ही घंटा, बापुजी? बंद करू?"

"नको. वाजू दे रोज." जरा थांबून म्हणालो, "पाडव्याची घारी उरलीय का?"

ती धावली. बशीत अख्खी घारी घेऊन आली, मी चतकोर मोडून घेतली. झोपाळ्यावर बसलो, माझ्या टोकाला. दुसरं टोक हलकं होतं. मी वाट बघितली, नाही म्हणणार नाही. मग घास तोंडात घातला. "घेतला गं," म्हणालो, आणि बटण दाबून घंटा बंद केली.

तूप चांगलं होतं. पिस्ता चांगला, भरपूर. पण मी दुसऱ्यांदा चावलं आणि थांबलो. मग आणखी थोडी मोडून घेतली, नीट जिभेवर ठेवली.

निमेशला दुकानात फोन लावला. "उद्या सकाळी मी येतोय. कढईपासून लांब खुर्ची टाकून ठेव. तुझी आई सांगत होती ते खरं आहे, मावा कच्चा राहिलाय."

पलीकडून त्याने कारागिराला खुर्ची पुसून ठेवायला सांगितलेलं ऐकू आलं. मग म्हणाला, "नाश्ता करून या, बापुजी."